रीलर उंदीर

घरगुती उंदराचा (मस मस्क्युलस) एक उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) प्रकार. इंग्रजीत झोकांड्या खात चालण्याला जे क्रियापद आहे, त्यावरून हे नाव पडले. दोन्ही जनकांकडून सदोष जनुक आलेल्या (समयुग्मजी) पिल्लांतच दोष दिसतो. एकच सदोष प्रत असलेले उंदीर चालायला नेहमीसारखे असतात. साधारण दुसऱ्या आठवड्यात, इतर पिल्ले नीट चालू लागतात तेव्हा, ही पिल्ले लटपटतात, थरथरतात, मागचा भाग सावरता न आल्याने कुशीवर कलंडतात. पुष्कळशी दूध सुटण्याच्या सुमारास दगावतात.

हे उत्परिवर्तन आपोआप घडलेले असून ते एडिंबरो येथील उंदरांच्या एका वाणात 1948 च्या सुमारास आढळले, असे सामान्यतः मानतात. आनुवंशिकीविज्ञ डग्लस फाल्कनर यांनी 1951 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच लेखात ‘ट्रेम्बलर’ हा दुसरा थरथरणारा उंदीरही नोंदवला आहे. दोघांची नावे शेजारी आली, तरी दोष अगदी भिन्न आहेत. ट्रेम्बलरमध्ये परिघीय (मेंदू व मेरुरज्जूबाहेरील) चेतातंतूंभोवतीचे मायेलिन हे स्निग्ध आवरण बिघडते, तर रीलरमध्ये मेंदूची मांडणीच चुकते. केवळ चालीवरून दोषाचे स्थान ठरवता येत नाही, हे या जोडीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

रीलरचे निमस्तिष्क (लहान मेंदू) आकाराने फारच छोटे असते आणि त्यावरील घड्या जवळजवळ नसतात. बहुसंख्य पुर्किंये पेशी (निमस्तिष्कातील मोठ्या चेतापेशी) पृष्ठभागाकडे न सरकता खोलवर गोळा होऊन राहतात. त्यांच्याकडून मिळणारा वाढीचा संकेत तोकडा पडल्याने कणिका पेशींची (तेथील लहान चेतापेशींची) संख्याही घटते. तोल जाण्याचे मुख्य कारण हेच समजले जाते. मोठ्या मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या आवरणात) एरवी नंतर जन्मलेल्या चेतापेशी आधीच्यांना ओलांडून वर जातात. रीलरमध्ये हा क्रम ढोबळमानाने उलटा असतो. त्याला ‘उलटे थर’ म्हणण्याची प्रथा आहे. मात्र थरांच्या सीमा पुसट असतात आणि पेशी बऱ्याच विखुरलेल्या सापडतात, म्हणून ‘विस्कटलेले थर’ म्हणणे अधिक योग्य वाटते.

जबाबदार जनुक 1995 मध्ये ओळखले गेले. ते उंदराच्या 5 व्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणाऱ्या रीलीन या सुमारे 3,460 अमिनो आम्लांच्या प्रचंड प्रथिनाला उंदरावरूनच नाव मिळाले. विकसनशील बाह्यकात ते मुख्यतः सर्वांत वरच्या थरातील काहाल-रेट्झियस पेशी स्रवतात. व्हीएलडीएलआर आणि अपोईआर२ या दोन ग्राहींमार्फत (पेशीवरील संकेत पकडणाऱ्या प्रथिनांमार्फत) ते पेशीतील डॅब१ हे प्रथिन कार्यान्वित करते. दोन्ही ग्राही एकदम नसले किंवा डॅब१ बिघडले (जसे स्क्रॅम्बलर आणि योतारी या उत्परिवर्ती उंदरांत), तरी चित्र रीलरसारखेच दिसते.

रीलीन नेमके करते काय, यावर मतभेद आहेत. ते स्थलांतर करणाऱ्या पेशींना ‘थांबा’ सांगते, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. दुसऱ्या मतानुसार ते पेशीला अरीय ग्लिया तंतूपासून (ज्याच्या आधाराने पेशी वर सरकते त्या तंतूपासून) सुटायला लावते. तिसऱ्यानुसार प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात पेशी वर ओढली जाण्यास मदत करते. 2002 मध्ये रीलर उंदराच्या मेंदूत रीलीन मुद्दाम चुकीच्या जागी, मेंदूतील पोकळ्यांलगत, तयार करवले असता काही दोष अंशतः सुधारले. रीलीन वरच्याच थरातून यायला हवे असते, तर हे घडले नसते. त्यामुळे साध्या ‘थांबा’ संकेताची बाजू दुबळी ठरते.

स्नायूंचा थेट संबंध मात्र सिद्ध नाही. चेता-स्नायू संधीवरील (चेतातंतू स्नायूला जोडला जातो त्या जागेवरील) जादा जोडण्या छाटण्यात रीलीनचा वाटा असल्याचा निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, पण पुढील वर्षी तो मागे घेण्यात आला. जुन्या उल्लेखांवर विसंबताना हे ध्यानात ठेवावे.

मानवात याचे समधर्मी (समान मूळ असलेले) जनुक 7 व्या गुणसूत्रावर (7क्यू22) असते. त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यास मेंदूचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि निमस्तिष्क अविकसित राहते, हे 2000 मध्ये दाखवले गेले.