गोचीड ताप: ढोरांचा आणि माणसांचा

साक्री-शिरपूरकडच्या गोठ्यात गाय चारा सोडून मान टाकून उभी राहिली, की मालक आधी तिच्या कानामागे आणि आचळांजवळ हात फिरवतो. "गोचीड ताप दिसतो," म्हणत डॉक्टरला फोन लावतो. त्याच गायीच्या गोचिडी उपटणारा सालदार आठवड्याभराने तापला, तर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड या तपासण्या होतात. ढोरांत वावर आहे का, हे विचारलं जाईलच असं नाही. यात हलगर्जी थोडी असेल, पण मूळ कारण जुनं आहे: गायीचा जंतू दिसतो, माणसाचा लपतो.

गोचिडीतून ताप पसरतो हे आधी कळलं तेही गुरांवरूनच. अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये ते सिद्ध केलं, म्हणजे रॉस यांना डासात मलेरियाचा जंतू सापडण्याच्या चार वर्षं आधी. गायीच्या कानातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरून रंगवायचा, की तांबड्या पेशींत जंतू दिसतात. आपल्याकडे संकरित गाई वाढल्या, तसा पशुवैद्यकांचा यावर हात बसला.

माणसांतल्या तापाबाबत हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये रॉकी पर्वतातल्या ठिपक्यांच्या तापाला गोचीडच जबाबदार असल्याचं दाखवलं. चारच वर्षांनी मेक्सिकोत टायफसवर (याच कुळातल्या जंतूचा, उवांतून पसरणारा ताप) काम करताना त्याच रोगाने ते गेले. या जंतूचं रिकेट्सिया हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात राहतो. म्हणून काचपट्टीवर सापडत नाही आणि लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या नेहमीच्या कल्चरमध्येही वाढत नाही.

मग आडवाट शोधावी लागली. १९१६ मध्ये वाइल आणि फेलिक्स यांना टायफसच्या रोग्याच्या लघवीत प्रोटियस नावाचा जंतू मिळाला. तो टायफसचा नव्हताच, तरी रोग्यांच्या रक्तद्रवाने त्याच्या गुठळ्या होत. परक्या जंतूवर आपला रोग ओळखायचा, असा हा उसनवारीचा मामला. स्वस्त म्हणून साध्या लॅबमध्ये तो आजही टिकून आहे. पण पहिल्या आठवड्यात ही वाइल-फेलिक्स टेस्ट बहुधा निगेटिव्हच येते, आणि नेमकं तेव्हाच उत्तर हवं असतं. एलायझा आणि आयएफए या रक्ताच्या तपासण्या जास्त भरवशाच्या, तरी त्यांनाही अंगात जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होईपर्यंत थांबावं लागतं. लवकर पकडायला पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आहे, पण ती तालुक्याच्या लॅबमध्ये कुठली!

भारतात मेगॉ या डॉक्टरांनी कुमाऊंच्या डोंगरातल्या गोचिडीच्या अशा तापाबद्दल १९१७ मध्येच लिहिलं होतं. पुढे गोचिडीतूनच पसरणारे, पण विषाणूंचे असे दोन वेगळे ताप समोर आले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली आणि क्यासनूरचा ताप कळला. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ काँगो ताप सापडला. रोगी बाई तर गेलीच, उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. निदान पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) झालं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आहे, काठेवाडी गुराखी कळप घेऊन आपल्या शिवारात उतरतात. तेव्हा ही बातमी खानदेशाला लांबची नव्हती.

रिकेट्सियावर डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी बहुधा दोन दिवसांत ताप उतरवते. म्हणून २०१५ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचना रिपोर्टची वाट न पाहता, संशयावरच औषध सुरू करायला सांगतात. (काँगो तापावर मात्र या गोळीचा उपयोग नाही.) पण संशय यायचा कशावरून? भुसावळहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या अकोल्यात डॉक्टरांनी २०११ मध्ये मुलांसाठी एक गुणपद्धत मांडली. गोचिडीशी संबंध, तापानंतर उठलेलं पुरळ, तळहात-तळपायांवरचे ठिपके, अशा खुणांना गुण द्यायचे. बेरीज चौदा किंवा वर गेली, तर रिकेट्सियाचाच ताप धरायचा. गोचीड डसलेल्या जागची काळी खपली आपल्याकडच्या तापात क्वचितच सापडते. सावळ्या अंगावर पुरळही चटकन दिसत नाही, आणि शेतातून आलेल्या माणसाचे तळपाय मातीने भरलेले असतात. आधी ते धुऊन उजेडात बघायचे.