पार्श्वभूमी: हाक मारण्याचा हक्क फोनला कुणी दिला?

रोजच्या जगण्यात थोडी शांतता हवी, असा विषय निघाला की गाडी लगेच माणसाच्या संयमावर येते. फोन दूर ठेवा, झोपायच्या खोलीत चार्जर नको, दिवसातून एकदाच मेसेज बघा. हे सल्ले चुकीचे नाहीत. पण उपकरणाने आपणहून माणसाला हाक मारावी का, आणि त्यासाठी आधी त्याला विचारावं का, हे प्रश्न आपल्यापर्यंत येण्याआधीच निकालात निघाले होते. ते निकालात काढताना डोळ्यांसमोर होती ती फोनची बॅटरी.

त्याआधीचं थोडक्यात. १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि पुढे घंटा वाजली की हातातलं काम टाकून उठायची सवय घराघरात रुजली. मात्र त्या घंटेमागे कुणीतरी माणूस असायचा. पेजरमागेही असायचा, आणि डिसेंबर १९९२ मध्ये पहिला एसएमएस गेला त्यामागेही. माहितीचा पूर आला की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे एका अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्येच मांडून ठेवलं होतं. तेव्हा ते संस्थांच्या कारभाराला उद्देशून होतं, घरातल्या माणसाला नव्हे.

‘शांत तंत्रज्ञान’ हा शब्द आला कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन केंद्रातून, डिसेंबर १९९५ च्या एका निबंधात. त्याचा अर्थ पुढे फार पातळ झाला, म्हणून मूळ उदाहरण नीट पाहायला हवं. त्या कार्यालयाच्या बोळात, एका रिकाम्या कोपऱ्यात, छतातल्या छोट्या मोटरला आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. मोटर नेटवर्कच्या तारेला जोडलेली. तारेतून माहितीचा कण गेला की दोरीला बारीकसा झटका बसायचा. नेटवर्कवर गर्दी असली की दोरी गरगर फिरायची आणि तिची घरघर आसपासच्या खोल्यांत ऐकू यायची; शुकशुकाट असला की अधूनमधून नुसती थरथरायची. आपापल्या टेबलाशी बसलेल्यांना मान वर न करता कळायचं, आज गर्दी आहे. कुणालाच ती दोरी ‘उघडावी’ लागत नव्हती.

म्हणजे ‘शांत’ याचा अर्थ मुकं असा नव्हता. उपकरणाने लक्षाच्या कडेला राहावं, गरज पडली तर मध्यभागी यावं आणि काम झालं की पुन्हा कडेला जावं, एवढी साधी अट होती. घरातली वॉशिंग मशीन हे अजूनही करते. ड्रमची घुमघुम थांबली की पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही कळतं, कपडे झाले. तीच मशीन ‘स्मार्ट’ झाली की तेच सांगायला फोन वाजवते. माहिती तीच, पण कडेवरून उचलून मध्यभागी आणून ठेवलेली.

आता मूळ निर्णयाकडे. २००८ मध्ये आयफोनवर बाहेरच्यांनी बनवलेली ॲप्स येऊ लागली आणि अडचण उभी राहिली. मेसेजचं ॲप बंद असताना नवा मेसेज आल्याचं कळणार कसं? प्रत्येक ॲप मागे चालू ठेवलं तर बॅटरी दिवसभर टिकेना, फोनही जड व्हायचा. त्यावर जून २००८ मध्ये तोड जाहीर झाली: ॲप्स झोपू द्या, आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीच्या सर्व्हरशी फोनची एकच जोडणी कायम उघडी ठेवा आणि सगळ्या ॲप्सचे निरोप त्या एकाच वाटेने येऊ द्या. सप्टेंबरचा वायदा होता, प्रत्यक्षात सोय मिळाली जून २००९ मध्ये. निरोपाची रूपं तीन: आयकॉनवर लाल वर्तुळातला आकडा, आवाज आणि पडद्यावरचा मजकूर.

अभियांत्रिकी म्हणून हे काम देखणं होतं, यात वाद नाही. पण हिशेब झाला तो विजेचा, लक्षाचा कुणी मांडलाच नाही. हाक मारणं पाठवणाऱ्याला जवळजवळ फुकट पडू लागलं, आणि घंटेमागे माणूस असलाच पाहिजे ही जुनी अट गळून पडली. या निर्णयाचं वजन त्यानंतरच्या कुठल्याही स्मार्ट घड्याळापेक्षा किंवा स्पीकरपेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

खरा वाद परवानगीवरून झाला. आयफोनवर ॲपला आधी विचारावं लागे. अँड्रॉइडवर ॲप उतरवून घेतलं की नोटिफिकेशनला होकार गृहीत. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ येईपर्यंत तर एखाद्या ॲपची नोटिफिकेशन्स सेटिंगमधून बंद करायची सोयही नव्हती. आधी विचारण्याचा नियम अँड्रॉइड १३ मध्ये, म्हणजे २०२२ मध्ये आला. पहिल्या अँड्रॉइड फोनपासून मोजली तर १४ वर्षं. न विचारण्याच्या बाजूने युक्तिवाद होता: लोक घाईत ‘नको’ दाबतील आणि बँकेच्या खात्यातून पैसे गेल्याच्या सूचनेलाही मुकतील. भीती अगदीच खोटी नव्हती. पण तिच्यापोटी सरसकट सगळ्यांना दार उघडं ठेवणं म्हणजे पाहुणे येतील म्हणून घराला कडीच न लावणं.

विचारणाऱ्यांची पद्धतही निर्दोष नव्हती. ॲप पहिल्यांदा उघडताच प्रश्न समोर यायचा, म्हणजे ॲप कामाचं आहे की नाही हे कळायच्याही आधी. शिवाय परवानगी घाऊक. ‘तुमची गाडी दारात आली आहे’ आणि ‘आज सवलत आहे’ हे दोन्ही निरोप एकाच दारातून आत. अँड्रॉइडने २०१७ मध्ये निरोपांचे वेगवेगळे कप्पे पाडायला लावले, पण कुठला निरोप कुठल्या कप्प्यात टाकायचा हे ॲपवाल्याच्याच हाती राहिलं. आयफोनच्या नियमावलीत जाहिरातीच्या नोटिफिकेशनला मनाई होती. ती सर्रास मोडली जायची. मार्च २०२० मध्ये नियमच बदलला: वापरणाऱ्याने स्पष्ट होकार दिला असेल तर जाहिरात चालेल.

दरम्यान २०१४ च्या अखेरीस बोलका स्पीकर बाजारात आला, २०१५ मध्ये आयफोनला जोडलेलं घड्याळ मनगटावर आलं, आणि हाक खिशातून थेट कातडीला भिडली. त्याच २०१५ मध्ये एका अभ्यासात दिसलं की नोटिफिकेशन आल्यावर फोनला हातही न लावणाऱ्यांच्या कामात चुका वाढतात. नुसती चाहूलही पुरते.

यानंतरची पावलं भराभर पडली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काबाबत ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना वाटाघाटी करणं बंधनकारक झालं. २०१८ मध्ये दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये स्क्रीन किती वेळ पाहिली याचे तक्ते आले. माझ्या मते हे रेड्याचं दुखणं आणि पखालीला इंजेक्शन होतं: हाक मारणारा तसाच सुटला आणि ओ देणाऱ्याच्या हाती हजेरीपुस्तक आलं.

जास्त कामाची गोष्ट २०१९ मध्ये एका अभ्यासातून पुढे आली. नोटिफिकेशन्स दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळणाऱ्यांना बरं वाटलं, त्यांचं लक्षही टिकलं. पूर्ण बंद केलेल्यांची मात्र काळजी वाढली, काही सुटतंय की काय ही हुरहूर लागली. १९९५ च्या दोरीशी हे जुळतं. माणसाला अंधार नको असतो, कडेला मिणमिणता दिवा हवा असतो. २०२१ मध्ये आयफोनवर ठरावीक वेळी गठ्ठा देण्याची सोय आली. सोबत ‘तातडीचं’ असा एक शिक्काही आला, जो गठ्ठ्याला ओलांडून थेट पोहोचतो. तो निरोपावर मारतं ॲपच. नको असेल तर वापरणाऱ्याला तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो.

२०२४ च्या शेवटी पुढचा टप्पा आला. आयफोनमधलं यंत्रच नोटिफिकेशन्स वाचून त्यांचा सारांश दाखवू लागलं. बातम्यांच्या सारांशांत न घडलेल्या गोष्टी उमटल्या, तक्रारी झाल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये बातम्यांपुरती ती सोय थांबवावी लागली. बाकीच्या निरोपांचे सारांश चालूच राहिले.