लैंगिकतेवरून भेदभाव झाल्यास संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार कशी करावी?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा होते. तिथले निकोलस टूनेन यांनी त्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातली भेदभावबंदी लैंगिक कलालाही लागू होते, असे समितीने १९९४ मध्ये सांगितले आणि १९९७ मध्ये टास्मानियाने ती कलमे काढून टाकली. हा मार्ग आजही खुला आहे, पण सगळ्यांना नाही.

आधी देश तपासा. त्याने करारासोबत पहिला ऐच्छिक प्रोटोकॉलही, म्हणजे व्यक्तींच्या तक्रारी समितीने ऐकाव्यात यासाठीचा जोडकरारही, स्वीकारलेला हवा. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, जर्मनी, नेपाळ यांनी तो स्वीकारला आहे. तिथे राहणाऱ्या मराठी माणसालाही, नागरिकत्व नसले तरी, त्या देशाविरुद्ध तक्रार करता येते. भारताने १९७९ मध्ये करार मान्य केला, प्रोटोकॉल नाही. अमेरिका आणि ब्रिटनचेही तेच.

पुढची अट सर्वांत कठीण. त्या देशातले सगळे उपाय आधी संपवावे लागतात, म्हणजे अपील शक्य तिथवर न्यायचे. अपील निरर्थक होते किंवा अवाजवी रखडले असे म्हणायचे असेल, तर ते पुराव्यानिशी मांडा. नुसते ‘कोर्टावर विश्वास नाही’ चालत नाही. शेवटच्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त थांबू नका. तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे सुरू असेल, तर समिती ते तपासत नाही.

कागदपत्रांत सहीचा तक्रार अर्ज, तारखांच्या क्रमाने घटनाक्रम, प्रत्येक निकालाची प्रत (मूळ कागद पाठवू नका) आणि दुसरा कोणी अर्ज करत असेल तर तुमचे लेखी अधिकारपत्र. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा रशियनमध्ये हवा. शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही.

ज्यांनी आपल्या लैंगिकतेबद्दल घरी अजून सांगितलेले नाही, अशांनी हे नीट वाचावे: निनावी अर्ज घेतला जात नाही आणि सरकारला तुमचे नाव कळते. प्रसिद्ध होणाऱ्या निर्णयात ते नको असेल, तर अर्जातच तशी विनंती लिहा. तक्रारीमुळे जीवाला धोका असेल, तर तातडीच्या संरक्षणाची मागणीही त्यातच करा.

भारतातून काय करता येईल? लैंगिक कल आणि लिंगभावावरील हिंसा व भेदभावासाठी २०१६ पासून संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ नेमलेले असतात. त्यांना लिहायला प्रोटोकॉलची अट नाही, कोर्टाच्या पायऱ्या संपवण्याचीही नाही. पीडित व्यक्तीची संमती मात्र हवी. तज्ज्ञांनी सरकारला पत्र लिहिले, तर उत्तरासाठी साधारण ६० दिवस दिले जातात आणि पुढे तो पत्रव्यवहार जाहीर होतो.