काचेतलं बाळ आणि पेशींचा आकडा

मुंबईत 'पेशी कमी झाल्यात' हे वाक्य पावसाळ्याचं. डेंग्यूची साथ आली की घरोघरी पपईच्या पानांचा रस निघतो आणि आकडा घसरला की रक्तपेढीच्या फेऱ्या सुरू होतात. त्यामुळे बाळ सातव्या महिन्यात झालं, काचेत ठेवलं आणि डॉक्टर 'प्लेटलेट्स ३५ हजार' म्हणाले, की मामा-काका लगेच विचारतात, 'डोनर आणू का?' त्यावर 'थोडं थांबू' असं उत्तर आलं, तर डॉक्टर हयगय करताहेत असंच वाटतं. पूर्वीचे डॉक्टर थांबत नसत, हेही खरं.

शाळेच्या पुस्तकात यांना रक्तपट्टिका म्हणतात. विल्यम ऑस्लर यांनी त्या १८७४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, पण जखमेशी गोळा होऊन रक्त अडवणं हे त्यांचं काम इटलीतल्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास दाखवून दिलं. त्या येतात कुठून, हे १९०६ मध्ये जेम्स होमर राइट यांनी सांगितलं: अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींचे ते तुकडे. या पेशींना वाढवणारं थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक हाती लागायला मात्र १९९४ उजाडलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत खरी धास्ती बसली ती १९७८ मध्ये. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचे मेंदूचे सीटी स्कॅन केले, तर २० जणांच्या मेंदूत रक्तस्राव आढळला. मग सरळ हिशोब मांडला गेला: रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी, म्हणून रक्तस्राव, म्हणून पेशी चढवा. १९९३ मध्ये १५२ बाळांवर हे तपासलं. आकडा दीड लाखांच्या वर राखूनही मेंदूतला रक्तस्राव कमी झाला नाही. तरीही ५० हजारांखाली गेलं की पिशवी लावायची, ही सवय बऱ्याच ठिकाणी पुढे कितीतरी वर्षं टिकली. समोर आकडा घसरताना हात बांधून बसणं सोपं नसतंच.

गोम आहे ती कारखान्यात. मोठ्या माणसाच्या मेगाकॅरिओसाइटमध्ये गुणसूत्रांचे संच १६ किंवा त्याहून जास्त असतात, म्हणून ती फुगते आणि पट्टिका भरपूर देते. नवजात बाळाची ही पेशी लहानखुरी, संच बहुधा दोन नाहीतर चार. अशा पेशी झपाट्याने वाढतात, पण एकेकीचं उत्पन्न तुटपुंजं. सगळं सुरळीत असेल तोवर भागतं. आईचं बीपी वाढलं, वारेतून पोषण कमी पडलं, की बाळाचं उत्पादन मंदावतं. आणि मोठ्या माणसात अशा वेळी थ्रोम्बोपोएटिन जसं उसळी घेतं, तसं इथे घेत नाही. पहिल्या तीन दिवसांत दिसणारी घट बरेचदा हीच. ती बहुधा आपोआप भरून निघते.

शिवाय बाळाच्या पट्टिका जात्याच थोड्या मंद असतात आणि त्याच्या रक्तातले बाकीचे घटक ती उणीव भरून काढतात. या बेताच्या रक्तात प्रौढ दात्याच्या तडफदार पट्टिका ओतल्या तर? ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० बाळांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. ५० हजारांखाली जाताच पट्टिका दिलेल्या गटात २६ टक्के बाळं दगावली किंवा त्यांना मोठा रक्तस्राव झाला. २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के. नुकसान पट्टिकांच्या स्वभावामुळे की इवल्याशा शरीरात एकदम शिरणाऱ्या द्रवामुळे, यावर अजून काम चालू आहे.

कारण शरीर खरंच इवलंसं आहे. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते १०० मिलिलिटर रक्त, म्हणजे एक कटिंग चहा. त्याला पट्टिका लागतात १० ते १५ मिलिलिटर. आणि आकडा तरी खरा असतो का? टाच टोचून थेंब थेंब पिळून घेतलेलं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत पोहोचेपर्यंत पट्टिका एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या गुठळ्या मोजत नाही आणि कागदावर भलताच कमी आकडा छापून येतो. म्हणून जाणता डॉक्टर आधी काचपट्टीवर थेंब पसरून बघतो किंवा शिरेतून पुन्हा नमुना घेतो.

तीन दिवसांनंतरची घट मात्र वेगळी. तिच्यामागे बहुधा जंतुसंसर्ग असतो किंवा आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार, आणि अशा वेळी आकडा एका रात्रीत कोसळू शकतो. आतड्याच्या या आजाराचं प्रमाण आईच्या दुधावरच्या बाळांत कमी असतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथलं दूध प्लेटलेट्ससाठी म्हणून कुणी मागत नाही.