सायकोपॅथिक स्वभावलक्षणे आणि बालपणीचे नातेसंबंध

दुसऱ्याच्या दुःखाने न हलणे, केल्या कृत्याची खंत न वाटणे, उथळ भावना, बेधडकपणा आणि लाघवी बोलून माणसांना वापरून घेण्याची वृत्ती या लक्षणांचा समुच्चय म्हणजे सायकोपॅथी. बोलीभाषेत ‘सायको’ हा शब्द वेडसर माणसासाठी सर्रास वापरला जातो. परंतु सायकोपॅथीत भ्रम किंवा भास नसतात आणि व्यक्तीचे वास्तवाचे भान शाबूत असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ साली या व्यक्तिमत्त्वाचे सविस्तर वर्णन केले. कॅनडातील रॉबर्ट हेअर यांनी पुढे २० बाबींची व ४० गुणांची मापनसूची तयार केली, ती आजही तुरुंगांत व न्यायवैद्यक कामात वापरली जाते. मुलांना मात्र हे नाव लावले जात नाही. त्यांच्या बाबतीत ‘निष्ठुर-भावशून्य लक्षणे’ असा शब्दप्रयोग होतो, आणि सायकोपॅथीशी जवळीक असलेल्या समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान १८ वर्षे पूर्ण होण्याआधी करता येत नाही.

बालपणीच्या ताटातुटीचा या लक्षणांशी संबंध जोडणारे पहिले ठळक काम ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांचे. लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ४४ बालचोरांचा त्यांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ मुलांना त्यांनी ‘स्नेहशून्य’ म्हटले आणि या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. मुलाखती व वर्गवारी बोल्बी यांनीच केल्याने हा पुरावा कच्चा ठरतो. तरी पुढच्या संशोधनाला दिशा तिथूनच मिळाली. या कामाचा एक वाईट परिणामही झाला: मूल बिघडले म्हणजे आई कमी पडली, असा सोपा निष्कर्ष घरोघरी पोहोचला, आणि तो खोटा आहे हे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

मानसशास्त्रज्ञ एसी व्हायडिंग व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा जो अभ्यास २००५ मध्ये मांडला, त्यात तीव्र निष्ठुर-भावशून्य लक्षणांमागे सुमारे दोन तृतीयांश वाटा आनुवंशिकतेचा आढळला. काही मुले जन्मतःच कमी भित्री आणि इतरांच्या रडण्याने कमी विचलित होणारी असतात. गोव्यात डिचोलीतल्या एखाद्या घराची पडवी डोळ्यांसमोर आणावी. दोन वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला ढकलतो, ती भोकाड पसरते. बहुतेक मुले अशा क्षणी आजीच्या चेहऱ्याकडे पाहतात. तिच्या डोळ्यांतली नाराजी आणि रडणाऱ्या बहिणीचा चेहरा यांची मनात सांगड बसते, आणि सदसद्विवेकाची पहिली बीजे अशाच क्षणांत पडतात. निष्ठुर-भावशून्य लक्षणे असलेली मुले मात्र पालकांच्या डोळ्यांकडे कमी पाहतात, असे ऑस्ट्रेलियातील मार्क डॅड्स यांच्या संशोधनात दिसले. म्हणजे शिकण्याची संधी समोर असूनही ती हातून निसटते. शिवाय प्रतिसाद न देणाऱ्या मुलाशी प्रेमाने वागत राहणे मोठ्यांनाही जड जाते, त्यांचा आवाज चढतो, हात उगारला जातो आणि नाते दोन्ही बाजूंनी कोरडे होते.

तरीही वाढवण्याच्या पद्धतीचा स्वतंत्र परिणाम होतो, आणि सर्वाधिक आशा याच निष्कर्षात आहे. एकाच जनुकांच्या २२७ जुळ्या जोड्यांचा अमेरिकेतील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जुळ्याच्या वाट्याला माया कमी व कठोरपणा जास्त आला, त्याच्यात आक्रमकता व निष्ठुरपणा अधिक आढळला. दत्तक मुलांच्या ५६१ कुटुंबांच्या २०१६ मधील अभ्यासात जन्मदात्रीच्या समाजविघातक वर्तनाचा वारसा सव्वादोन वर्षांच्या मुलांत दिसू लागला होता, पण ज्या दत्तक माता दीड वर्षाच्या बाळाचे भरभरून कौतुक करत, त्यांच्या मुलांत तो जोर धरू शकला नाही. रुमानियातील बुखारेस्ट शहराच्या अनाथालयांतल्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवले गेले. बाराव्या वर्षी त्यांपैकी मुलग्यांमध्ये ही लक्षणे नेहमीच्या संस्थात्मक व्यवस्थेत ठेवलेल्या मुलग्यांपेक्षा कमी होती. मुलींत असा फरक आढळला नाही.

गोव्यात या विषयाचा विचार करताना कुटुंबाची घडण लक्षात घ्यावी लागते. वडील जहाजावर किंवा आखातात आणि मूल आजीच्या हाताखाली, हे चित्र येथे अनोळखी नाही. केवळ तेवढ्याने धोका उद्भवत नाही, कारण बाळाचा बंध एकाहून अधिक माणसांशी जुळू शकतो. ती माणसे टिकून राहणारी आणि हाकेला ओ देणारी असली म्हणजे झाले. सांभाळणारी माणसे वारंवार बदलणे, मारहाण आणि उपेक्षा या गोष्टी मात्र घातक ठरतात. गोव्याचा स्वतंत्र बालकायदा २००३ मध्ये झाला आणि त्याखाली बाल न्यायालय स्थापन झाले. मेरशी येथील ‘अपना घर’ या शासकीय निवासात संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवली जातात. अशा निवासांत मुलाला रोज ओळखीचा एकच चेहरा भेटतो की नाही, हा प्रश्न इमारतीच्या सोयींहून महत्त्वाचा आहे.

निष्ठुर-भावशून्य लक्षणे असलेल्या मुलांच्या उपचारांत शिक्षेपेक्षा बक्षिसावर भर दिला जातो, कारण ही मुले शिक्षेला फारशी बधत नाहीत, पण कौतुकाला प्रतिसाद देतात. पालक व मूल एकत्र खेळत असताना प्रशिक्षक शेजारच्या खोलीतून पालकाच्या कानातील यंत्रात सूचना देतो, अशी एक पद्धत या मुलांसाठी मुद्दाम बदलून घेतलेली आहे. मुलाच्या चांगल्या कृतीचे नेमके शब्दांत, त्याच क्षणी, डोळ्यांत पाहून कौतुक करण्याचा सराव त्यात पालकाकडून करून घेतला जातो.