बदल केला, तरी पावती जुनीच का निघते?

(आमच्याकडून सोसायटी, पिग्मी आणि अडतीचे प्रोग्राम घेतलेल्या ग्राहकांसाठी)

सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर जवळ आली की निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, सगळीकडून एकच फोन येतो. "ठेवीचा दर बदलला, काळ्या स्क्रीनवर चालवून बघितला, आकडा बरोबर आला. पण काउंटरवर पावती जुन्याच दराने निघतेय. सॉफ्टवेअर बिघडलंय, माणूस पाठवा."

सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. कच्च्या वहीतला आकडा खोडून नवा लिहिला म्हणून पक्की वही आपोआप सुधारत नाही, तेवढेच झालेले असते.

तुमच्या फोल्डरमध्ये दोन प्रकारच्या फायली आहेत. पीआरजी म्हणजे प्रोग्रामचा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो तो. ईएक्सई म्हणजे त्या मजकुरावरून बनवलेला चालता प्रोग्राम. काउंटरवरचे चिन्ह दाबले की चालते ती ईएक्सई. पीआरजीत आज काय लिहिले आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. ती बनली त्या दिवशी जे लिहिलेले होते, तेच ती करत राहते.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. हार्बर म्हणजे पीआरजीवरून चालता प्रोग्राम बनवणारे मोफत साधन. आम्ही दिलेल्या हार्बरमध्ये दोन हत्यारे आहेत. एक एचबीरन. याला पीआरजीचे नाव दिले की ती फाईल तिथल्या तिथे वाचून चालवून दाखवतो, डिस्कवर नवीन काही बनवत नाही. दुसरे एचबीएमके-टू. हे पीआरजीचे आधी सी भाषेत रूपांतर करते, मग सी कंपायलर (रूपांतर करणारा) आणि लिंकर (तुकडे जोडणारा) यांच्याकडून ईएक्सई बनवून घेते. या सगळ्याला कंपाइल करणे म्हणतात. एचबीरनवर नवा दर दिसला की माणसाला वाटते, झाले काम. प्रत्यक्षात काम अर्धेच झालेले असते. दुसरी कमांड दिल्याशिवाय काउंटरवर काहीही बदलत नाही. दोन्ही कमांड इंग्रजी अक्षरांत, जशा टाइप करायच्या तशा, मॉनिटरशेजारी चिकटवलेल्या पिवळ्या कार्डावर आहेत. कार्डाची एक बाजू मराठीत आहे, एक कन्नडमध्ये. काउंटरवर बसणारा जी भाषा सहज वाचतो ती बाजू वर ठेवा.

"दुसरी कमांडसुद्धा दिली हो, तरी जुनीच!" असे सांगणारेही बरेच असतात आणि ते खोटे बोलत नसतात. ही या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून जरा सावकाश वाचा. एखाद्या काउंटरवर प्रोग्राम उघडा असताना विंडोज त्या ईएक्सईवर दुसरे काही लिहू देत नाही. तुम्ही आतल्या खोलीत कमांड देता, बाहेर पिग्मी एजंटांचा भरणा चालू असतो, आणि लिंकर शेवटी येऊन 'परमिशन डिनाइड' (परवानगी नाही) म्हणत थांबतो. स्क्रीनवर ओळी भराभर वर सरकतात, ती एक ओळ कोणी वाचत नाही. जुनी ईएक्सई जागच्या जागी राहते. म्हणून आधी सगळ्या काउंटरवरचा प्रोग्राम बंद करायला सांगा. नुसता खाली मिनिमाइज करून ठेवायचा नाही, पूर्ण बाहेर पडायचे. मग कमांड द्या आणि शेवटच्या चार ओळी वाचा. त्यात 'एरर' हा शब्द असेल तर नवी ईएक्सई बनलेली नाही, मग वर कितीही ओळी आलेल्या असोत.

झाले की नाही याची खात्री आम्हाला फोन न करताही होते. पासवर्डच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली एक तारीख आणि वेळ दिसते. ती आजची तारीख नव्हे; ती ईएक्सई बनल्याची तारीख, कंपाइल होताना आत छापली जाते. तिथे मागच्या महिन्याची तारीख असेल तर तुमचा बदल काउंटरपर्यंत आलेला नाही, विषय संपला. काही ग्राहकांची तक्रार असते की एका ओळीच्या बदलासाठी सगळ्या फायली पुन्हा कंपाइल होत बसतात. फक्त बदललेली फाईल कंपाइल करायची सोय एचबीएमके-टूमध्ये आहे, पण आम्ही ती मुद्दाम बंद ठेवली आहे. ती चालू केली की तारीख असलेली फाईल पुन्हा कंपाइल होत नाही आणि कोपऱ्यातली तारीख खोटी पडते. थोडा वेळ गेला तरी चालेल, ती तारीख खरी पाहिजे.

बाकी काउंटरवर तारीख नवी आणि एकाच काउंटरवर तारीख आणि पावती दोन्ही जुनी असे होत असेल, तर त्या मशीनवर कोणीतरी शॉर्टकट न करता अख्खा फोल्डरच कॉपी करून ठेवलेला आहे का बघा. हे दराच्या घोळापेक्षा वाईट. तिथला दिवसभराचा भरणा वेगळ्याच खतावणीत जातो आणि संध्याकाळी किर्द जुळत नाही.

एचबीरन मग दिलाच कशाला, असे एका सौहार्द संस्थेच्या सेक्रेटरींनी विचारले. दिला, कारण दरमहा किती व्याज बसते, दंडाची तारीख कुठून धरते, अशा लहान गोष्टी काउंटर न थांबवता तपासता येतात. मात्र एका पीआरजीतून दुसऱ्या पीआरजीतले फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) बोलावलेले असेल तर एचबीरनला ते सापडत नाही आणि एरर येते. त्याने घाबरू नका. उलटेही होते. फंक्शनचे नाव टेबलातून वाचून चालवलेले असेल तर एचबीरनवर ते चालते, कारण त्याच्या पोटात हार्बरची सगळीच फंक्शने आहेत. ईएक्सईत मजकुरात दिसतात तेवढीच घेतली जातात, म्हणून तिथे ते अडते. असे काही निघाले तर आम्हाला कळवा, एका ओळीचे काम आहे.

आणि एक हात जोडून विनंती. एचबीरन नुसता चालू केला की टिंब येते, तिथे यूज (टेबल उघडायची कमांड) आणि ब्राउज (ते बघायची) देऊन खातेदारांचे टेबल बघण्याचा मोह तुमच्याकडच्या बीसीए झालेल्या मुलांना होतो. तिथे यूज दिले की टेबल एकट्यासाठी उघडते, बाहेरचे सगळे काउंटर अडकतात. शिवाय ब्राउजमध्ये नुसते बघता येत नाही, चुकून दाबलेली कळ शिल्लक बदलते. बघायचेच असेल तर सुट्टीच्या दिवशी, बॅकअपच्या प्रतीवर.

"अजून हेच जुने का?" हाही नेहमीचा प्रश्न. तुमचे जुने प्रोग्राम क्लिपरमध्ये लिहिलेले होते. क्लिपर १९८५ मध्ये नॅनटकेट कंपनीने आणले, १९९२ मध्ये कॉम्प्युटर असोसिएट्सने ती कंपनी घेतली, आणि पुढे क्लिपरचे काम थांबले. क्लिपरच्या जुन्या डॉस ईएक्सई चौसष्ट-बिट विंडोजवर चालतच नाहीत, म्हणून नवा कॉम्प्युटर आणला की अनेकांचे काम एका दिवसात बंद पडले. हार्बर हा १९९९ मध्ये सुरू झालेला मोफत आणि खुला प्रकल्प आहे. तुमचा तोच क्लिपरचा मजकूर बहुतेक जसाच्या तसा घेतो आणि आजच्या विंडोजवर चालणारी ईएक्सई देतो. परवान्याचे पैसे आम्ही लावत नाही, लावायचे कारणही नाही. पैसे आमच्या कामाचे. तुमच्या काउंटरवरची माणसे माऊसला हात न लावता ज्या वेगाने पावत्या काढतात, तो वेग आम्हाला रंगीत खिडक्यांसाठी घालवायचा नाही. पीआरजी तुमच्याच मशीनवर ठेवतो याबद्दल धंद्यातले लोक आम्हाला हसतात. पण उद्या आमच्याशी पटले नाही तर दुसऱ्या कोणाकडूनही काम करून घेता यावे, असे आम्हाला वाटते.

दर बदलायला पीआरजीच का उघडावी लागते, हे विचारणे रास्त आहे. गेल्या काही वर्षांत दिलेल्या प्रोग्राममध्ये दर टेबलात आहेत, मेनूतून बदलतात, कंपाइल करावेच लागत नाही. ज्यांचे मूळ प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेले होते आणि आम्ही फक्त हार्बरवर आणून दिले, त्यांचे दर अजून मजकुरात आहेत. ते टेबलात काढून घेणे हे वेगळे काम, पण एकदाच करायचे. वार्षिक देखभाल घेतलेल्यांना ते निम्म्या दरात करून देतो. फक्त मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगू नका, फेब्रुवारीत सांगा.

जुना क्लिपर प्रोग्राम अजून कुठे अडकून पडला असेल तर पेनड्राइव्हवर पीआरजी आणि डीबीएफ (टेबलांच्या) फायली घेऊन या, चालेल की नाही ते बघण्याचे पैसे नाहीत. इंडेक्सच्या एनटीएक्स फायली आणल्या नाहीत तरी चालतील, त्या इथे पुन्हा बनतात. डीबीटी मात्र विसरू नका. शेऱ्यांचा मजकूर तिच्यात असतो, आणि ती नसली तर टेबल उघडतच नाही.