मल्टीफ्युएल स्टोव्ह घेताय? आधी जेट बघा

सह्याद्रीतल्या एका मुक्कामाच्या ट्रेकसाठी मल्टीफ्युएल स्टोव्ह, म्हणजे रॉकेल, पेट्रोल अशी वेगवेगळी इंधनं जाळणारा पंपाचा स्टोव्ह, घेऊ नका. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर रात्रीची खिचडी आणि सकाळचा चहा एवढंच करायचं असेल, तर गॅसच्या डब्यावर बसणारा शंभर ग्रॅमच्या आतला बर्नर पुरतो. पंप, बाटली, नळी आणि स्पॅनर असा अर्धा किलोचा पसारा तिथे नुसता ओझं होतो.

गरज लागते ती लडाख, स्पिती, झांस्करसारख्या लांबच्या चालीत. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही आणि पायथ्याच्या गावात तो मिळेलच असं नाही. त्यात थंडी. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या उंच नळकांडी डब्यांत बहुतेक ब्युटेनच असतो, आणि समुद्रसपाटीला ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. म्हणजे शून्याच्या आसपास त्याची वाफ होणं जवळजवळ थांबतं. आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे थोडी सवलत मिळते खरी, पण गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच गार होत जातो. मिश्र गॅसच्या डब्यातला प्रोपेन आधी संपतो आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शाला ज्योत मलूल होते. पंपाच्या स्टोव्हला ही अडचण नाही. तिथे दाब इंधनाच्या वाफेचा नसतो, आपण हाताने भरलेल्या हवेचा असतो.

तत्त्व जुनंच आहे. स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये जो प्रायमस स्टोव्ह बनवला आणि जो पुढे आपल्या स्वयंपाकघरांत पिन, वायसर (पंपाच्या दट्ट्यावरची चामड्याची चकती) आणि पेटवायच्या काकड्यासह नांदला, त्याचाच हा घडीचा अवतार. द्रव इंधन जळत नाही, त्याची वाफ जळते. पंपाने बाटलीत हवा भरली की तिच्या दाबाने इंधन नळीत चढतं. नळीचा शेवटचा भाग ज्योतीतून जातो, तिथे इंधनाची वाफ होते. ही वाफ जेट नावाच्या छोट्या पितळी तुकड्याच्या सूक्ष्म भोकातून जोरात सुटते आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते. हवा आणि वाफ यांचं प्रमाण जुळलं की निळी ज्योत, चुकलं की काजळी.

हे प्रमाण इंधनागणिक बदलतं, आणि खोक्यावरची इंधनांची लांबलचक यादी नेमकं हेच सांगत नाही. एक लिटर ब्युटेन वायू पूर्ण जळायला साधारण ३१ लिटर हवा लागते. पेट्रोलचा नमुना म्हणून ऑक्टेन धरला, तर त्याच्या एक लिटर वाफेला ६० लिटर. रॉकेलमधले रेणू आणखी मोठे असतात. त्यातला डोडेकेन धरला तर ८८ लिटर. म्हणून रॉकेलची वाफ कमी सोडायची आणि तिला हवा जास्त ओढू द्यायची, म्हणजेच भोक बारीक हवं. प्रायमसच्या ओम्नीफ्युएल स्टोव्हबरोबर मिळणारी जेट बघा: गॅससाठी ०.४५ मिलीमीटर, पेट्रोलसाठी ०.३७, रॉकेल आणि डिझेलसाठी ०.२८. पेट्रोलचं जेट तसंच ठेवून रॉकेल घातलं, तर पिवळी ज्योत आणि काळं भांडं ठरलेलं. रॉकेलच्या जेटवर पेट्रोल जळतं, पण आच निम्म्यावर येते.

सगळेच उत्पादक जेट बदलायला लावत नाहीत. ऑप्टिमस नोव्हा सगळी द्रव इंधनं एकाच जेटवर जाळतो. ही तडजोड आहे, पण बर्फात बोटं बधिर झालेली असताना इवलासा पितळी तुकडा सांभाळावा लागत नाही, हेही खरं. एमएसआरच्या व्हिस्परलाइट इंटरनॅशनलबरोबर दोन जेट येतात, एक पेट्रोलवर्गीय इंधनाचं आणि एक रॉकेलचं. स्वस्त चिनी स्टोव्हच्या खोक्यात मात्र नक्की किती जेट आहेत, त्यावर आकडा किंवा खूण आहे का आणि सुटं जेट वेगळं विकत मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. यादीत सहा इंधनं आणि खोक्यात एकच बिनखुणेचं जेट असेल, तर तो स्टोव्ह एका इंधनाचा समजा.

आता इंधन. हिमालयाच्या भारतीय बाजूला रॉकेल मिळालं तर तो चांगला मित्र आहे. ते सांडलं तरी लगेच भडकत नाही, कारण त्याच्या वाफेने पेट घेण्याइतकं तापमान ३८ अंशांच्या वर असतं. पेट्रोलचं तेच तापमान उणे ४० च्या आसपास, म्हणजे लडाखच्या हिवाळी रात्रीही ठिणगी पुरते. रॉकेलचे दोष तीन: वास, काजळी आणि पेटवायला लागणारा वेळ. रॉकेल ड्रममधून आलेलं असेल तर त्यात पाणी आणि गंज असतो. रात्रभर स्थिर ठेवा, वरचं ओतून घ्या, तळाचं दोन बोटं सोडून द्या, आणि बाटलीत भरताना दाट विणीच्या कापडातून गाळा.

पेट्रोल रस्त्याच्या कडेला मिळतं, पण पंपांमधली अंतरं लक्षात ठेवा. लाहौलमधल्या तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी उगाच प्रसिद्ध झालेली नाही. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. स्टोव्ह त्यावर चालतो, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि हलक्या प्रतीची रबरी रिंग फुगवतं. त्यामुळे ट्रेक संपल्यावर उरलेलं पेट्रोल बाटलीत महिनोन् महिने ठेवू नका आणि ओ-रिंग व्हिटॉनच्या, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या, आहेत का ते बघा. इंजिनासाठी घातलेली रसायनं नळीत कार्बनचा थरही जमवतात. डिझेल हा अगदी शेवटचा पर्याय. ते धुरकट जळतं आणि साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. याच कारणासाठी २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणावं लागलं. आणि रंगाच्या दुकानातला थिनर कुठल्याही परिस्थितीत नको: तो रिंगा खातो आणि त्याची वाफ छातीत जाते.

मॉडेल निवडताना वजनाच्या पाच-पन्नास ग्रॅमवर घासाघीस करण्यात अर्थ नाही. आपल्याला डाळ-भात शिजवायचा आहे, नुसतं पाकिटात गरम पाणी ओतायचं नाही. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. त्या पाण्यात तूरडाळ दोन तास ठेवली तरी दाणा दातांखाली येतो. दोन लिटरचा कुकर नेला तर शिटीच्या वजनामुळे आतला दाब वाढतो आणि पाणी ११० अंशांच्या वर जातं. कुकर न्यायचा तर स्टोव्हचे पाय रुंद आणि घट्ट हवेत, आणि आच बारीक करता आली पाहिजे. इथे स्टोव्हांचे दोन गट पडतात. ज्यांची झडप फक्त पंपावर असते, त्यांत झडप फिरवल्यावर नळीतलं इंधन संपेपर्यंत ज्योत तशीच राहते, मग एकदम कमी होते किंवा विझते. एमएसआरचे व्हिस्परलाइट आणि एक्सजीके या गटातले. एमएसआरचा ड्रॅगनफ्लाय आणि प्रायमसचा ओम्नीफ्युएल यांना बर्नरजवळ दुसरी झडप आहे, त्यामुळे भात खाली लागत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: भारतीय जेवण करणाऱ्याने दुसऱ्या झडपेसाठी जास्त पैसे मोजावेत. बीआरएस-८ सारखे स्वस्त स्टोव्ह बघताना तीच झडप आधी फिरवून बघा. ती अर्ध्या वळशात बंद ते पूर्ण चालू अशी धावत असेल तर बारीक आच विसरा.

पैसे वाचवायचे तर बर्नरवर वाचवा, पंप आणि बाटलीवर नाही. बर्नर म्हणजे धातूचे चार तुकडे, त्याला फारसं काही होत नाही. मोडतो तो पंप, आणि मोडला की दाबाखालचं इंधन बाहेर येतं. बाटली त्याच उत्पादकाची घ्या. आटे जवळपास सारखे दिसतात, पण बसतातच असं नाही. पाणी प्यायची अॅल्युमिनियमची बाटली वापरणं हा तर निव्वळ वेडेपणा.

नवा स्टोव्ह आणला की इंधन घालण्याआधी एक चाचणी करा. रिकाम्या, कोरड्या बाटलीला पंप लावा, झडप बंद ठेवून तीस-चाळीस दट्टे मारा आणि बाटली पंपासकट पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे मानेपाशी आले तर मोठी ओ-रिंग, दांड्यापाशी आले तर आतली उलट-झडप, नळीच्या जोडापाशी आले तर तिथली रिंग. पंपाचा दट्ट्या सैल जात असेल आणि दाबच धरत नसेल तर वायसर सुकलेला असतो. तो बाहेर काढा, तेलाचे दोन थेंब चोळा, कडा बोटाने बाहेरच्या बाजूला पसरवा आणि परत बसवा. जुन्या स्टोव्हचा वायसर बदललेल्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पेटवण्याची रीतही ठरलेली आहे. बाटली तीन चतुर्थांशच भरा, कारण दाब धरायला हवेला जागा लागते. भरलेल्या बाटलीला २० ते २५ दट्टे पुरतात, अर्धी रिकामी झाली की त्याच्या दुप्पट. रॉकेलचा स्टोव्ह रॉकेलनेच तापवता येतो, पण काजळी फार होते. त्यापेक्षा ५० मिलीलिटरच्या ड्रॉपरमध्ये स्पिरिट न्या आणि बर्नरच्या वाटीत अर्धा चमचा घाला. अल्कोहोलचं सॅनिटायझर जेलही चालतं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, तेवढं सांभाळा. ज्योत विझायला आली की झडप हळूच पाव वळसा उघडा. पेट्रोलला मिनिटभर तापवणं पुरतं, रॉकेलला दोन मिनिटं, वाऱ्यात आणखी. घुर्रर्र आवाज आणि निळी ज्योत आली म्हणजे काम झालं. पिवळा भडका उडाला तर वाफेऐवजी द्रव येतोय. झडप बंद करा, भडका बसू द्या, पुन्हा तापवा. पंप मारून भडका आवरायला जाऊ नका, त्याने तो वाढतोच.

चालू असताना ज्योत थरथरत पिवळी-निळी होत राहिली तर इंधनात पाणी आहे. आच हळूहळू कमी होत गेली आणि दाब शाबूत असेल तर जेट चोंदलंय. काही स्टोव्हच्या जेटमागे वजनदार पिन असते, बर्नर वरखाली हलवला की भोक साफ होतं. नसेल तर बारीक पिन मारावी लागते, म्हणून ती आणि एक जास्तीची नळीची रिंग कायम सोबत हवी. पिन मारूनही फरक पडला नाही तर नळीत कार्बन जमलाय. नळीत तार असलेल्या मॉडेलमध्ये ती पकडीने वीसेक वेळा आत-बाहेर घासली की नळी मोकळी होते.

वाऱ्यासाठी अॅल्युमिनियमचा पडदा भांड्याभोवती पूर्ण लावता येतो, कारण बाटली नळीच्या टोकाला, पडद्याबाहेर असते. डब्यावर बसणाऱ्या गॅस बर्नरला असा पडदा कधीही लावू नका, डबा तापून फुटू शकतो. तंबूत स्टोव्ह पेटवणं तर नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गार भांडं ज्योतीवर बसवलं की तो निळ्या ज्योतीतूनही तयार होतो.

इंधन किती न्यायचं याचा हिशोब असा. २० अंशांचं एक लिटर पाणी १०० अंशांवर न्यायला ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम रॉकेलमधून ४३ किलोज्यूल मिळतात, त्यातली निम्म्याहून थोडी कमीच भांड्यात जाते. म्हणजे लिटरमागे २० ते २५ मिलीलिटर, आणि वारा धरून ३५. दोघांना चहा, डाळ-भात आणि प्यायचं उकळलेलं पाणी मिळून रोजचं चार लिटर धरलं तर १४० मिलीलिटर. तापवणं आणि बारीक आच धरून १७०. पाच दिवसांना साडेआठशे, म्हणजे एक लिटर न्या. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर सरळ दुप्पट. शून्य अंशांचा एक किलो बर्फ नुसता वितळवायलाच ३३४ किलोज्यूल जातात, आणि पाणी तापवणं त्यानंतर सुरू होतं.

हे सगळं इंधन पायथ्याला विकत घ्यायचं, घरून न्यायचं नाही. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमानात वापरलेला स्टोव्ह न्यायला कंपनीची आगाऊ परवानगी लागते. बाटली पूर्ण रिकामी करून तासभर निथळत ठेवावी लागते, नंतर झाकण उघडं ठेवून किमान सहा तास वारं द्यावं लागतं, आणि तरीही वास आला तर काउंटरवर ती अडवतात. परतीच्या प्रवासासाठी लेहमध्ये एक मोकळा दिवस ठेवा, किंवा बाटली तिथेच एखाद्या गाइडला देऊन या.